परक्यांनाही घरात जागा: यशया ५६ आणि त्यासारख्या भविष्यवाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी उपासनेनंतर आम्ही काही जण मागे थांबून बायबल अभ्यास करतो, मी तो घेते. यशयाचा ५६ वा अध्याय आला की दरवेळी प्रश्नांची रांग लागते, काही तिथेच विचारतात आणि काही जण रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर, कारण समोर विचारायला संकोच वाटतो. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. वचनं मी बऱ्याच ठिकाणी माझ्या शब्दांत सांगितलीयत, त्यामुळे बायबल उघडून शेजारी ठेवा.

यशया ५६ मध्ये नक्की काय म्हटलंय?

पहिल्या आठ ओव्या, म्हणजे वचनं, वाचा, पाच मिनिटं पण लागणार नाहीत. दोन माणसं आहेत. एक विदेशी, म्हणजे इस्राएलात न जन्मलेला पण परमेश्वराला धरून राहिलेला, आणि दुसरा षंढ. विदेशी माणूस म्हणतोय की परमेश्वर मला त्याच्या लोकांपासून नक्की वेगळं काढणार. आणि षंढ म्हणतोय, मी काय, वाळलेलं झाड. देव दोघांनाही आधी हेच सांगतो की असं म्हणू नका. मग षंढाला सांगतो की माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मी तुला मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन, आणि विदेशी लोकांना सांगतो की मी तुम्हाला माझ्या पवित्र डोंगरावर आणीन, प्रार्थनेच्या घरात आनंदित करीन, तुमची अर्पणं वेदीवर चालतील, कारण माझं घर सर्व राष्ट्रांचं प्रार्थनामंदिर म्हटलं जाईल.

मला यातलं सगळ्यात जास्त काय भिडतं तर क्रम. देव सुरुवात नियमापासून करत नाही, त्या माणसाच्या मनात जे वाक्य घोळतंय ना, तिथून करतो.

विदेशी माणसाला एवढी भीती का वाटत होती? कोणी काही म्हणालं होतं का?

हो, आणि चांगलंच जोरात म्हणालं होतं. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं, लोकांना बंदिवान करून नेलं, मग इ.स.पू. ५३८ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याने परत जायची परवानगी दिली. बरेच अभ्यासक यशया ५६ ते ६६ हे अध्याय या परत आलेल्या लोकांच्या काळातले मानतात, काहीजण सगळंच पुस्तक बंदिवासाच्या खूप आधी होऊन गेलेल्या आमोजाचा मुलगा यशया याचं मानतात, तो वाद मी इथे काढत नाही. पण प्रसंग बघा, थोडेसे लोक, मोडकं शहर, आजूबाजूला सगळे परके, आणि मनात हे पक्कं की आपण देवाचं ऐकलं नाही म्हणून हे झालं. अशा वेळी माणूस दार बंदच करतो. एज्रा ९ आणि १० मध्ये विदेशी बायकांना मुलांसकट पाठवून द्यायचं ठरतं, आणि नहेम्या १३ मध्ये नियमशास्त्र वाचून झाल्यावर सगळ्या मिश्र लोकांना इस्राएलातून वेगळं काढलं जातं.

आता एक गंमत नाही, खरं तर अंगावर काटा आणणारी गोष्ट सांगते. नहेम्यात 'वेगळं काढलं' यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच यशया ५६ मधला विदेशी माणूस वापरतो, 'परमेश्वर मला वेगळं काढणार'. म्हणजे तो हवेत घाबरलेला नाही, समाजात जो शब्द कानावर पडत होता तोच त्याच्या तोंडी आलाय. मला एज्राला, म्हणजे त्या वेळी पुढाकार घेणाऱ्या याजकाला, व्हिलन करायचं नाही, त्याची काळजी मूर्तिपूजेची होती आणि ती खरी होती. पण शेवटी ज्या बायका पोरं घेऊन निघून गेल्या त्यांचं पुढे काय झालं हे तो अध्याय सांगत नाही, आणि मी तो वाचताना दरवेळी तिथे अडकते.

षंढ म्हणजे नक्की कोण? हा शब्द वाचायलाच कसंतरी होतं.

होतं खरं, मराठीत तो शिवीसारखा वापरला जातो ना. इथे त्याचा अर्थ ज्यांचं पुरुषत्व छेदलं गेलंय असे पुरुष. जुन्या राजदरबारांत असे लोक ठेवायचे, राणीमहालात, खजिन्यावर, मोठ्या हुद्द्यांवरही, कारण त्यांना स्वतःचा वंश नाही म्हणजे गादीवर डोळा ठेवणार नाहीत. हा शब्द कधी कधी नुसता 'दरबारी अधिकारी' या अर्थानेही येतो, पण यशया ५६ मध्ये वाळलेल्या झाडाची उपमा आहे म्हटल्यावर अर्थ सरळ आहे.

आणि हे परक्याच मुलखातले लोक होते असंही समजू नका. यशया ३९:७ मध्ये हिज्कीया राजाला सांगितलंय की तुझ्याच वंशातली मुलं बाबेलच्या राजवाड्यात षंढ होतील. म्हणजे बंदिवासातून परत आलेल्यांत यहुदाच्याच घरातला, शत्रूने शरीर कापलेला, असा एखादा मुलगा असणं अगदी शक्य आहे, ज्याचा स्वतःचा काही दोष नाही आणि तरी मंदिराच्या दाराशी त्याला नियम आडवा येतोय.

यिर्मया ३८ मधला एबद-मलेख पण आठवा. कूश देशाचा, म्हणजे विदेशी, आणि षंढ, दोन्ही एकदम. यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत टाकलं तेव्हा यरुशलेमचे सगळे धार्मिक लोक गप्प होते, हा एकटा राजाकडे जाऊन बोलला, आणि दोर सोडताना जुन्या चिंध्या पण सोडल्या, बगलेत धर म्हणाला, दोर काचू नयेत म्हणून. पुढच्याच अध्यायात देव त्याला जिवाचं वचन देतो, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास.

अनुवाद २३ मध्ये यांना स्पष्ट बंदी आहे. मग बायबल स्वतःचंच खोडतं का?

हा प्रश्न टाळू नये असं माझं मत आहे. अनुवाद २३ च्या सुरुवातीला लिहिलंय की असा छेदलेला पुरुष परमेश्वराच्या मंडळीत येणार नाही, आणि अम्मोनी, मवाबी दहाव्या पिढीपर्यंत येणार नाहीत. कारणही दिलंय, मिसरातून येताना त्यांनी अन्नपाणी दिलं नाही आणि बलाम नावाच्या भविष्य सांगणाऱ्याला शाप द्यायला भाड्याने आणलं.

पण बायबलच्या आतच त्या बंदीशी बोलणं चालू आहे. रूथ मवाबी होती, आणि ते पुस्तक जवळजवळ दर पानावर 'मवाबी रूथ' असंच म्हणत राहतं जसं काही वाचकाने विसरू नये. तीच पुढे दावीद राजाची पणजी. दहा पिढ्या सोडाच, चौथ्या पिढीत राजा! यहुदी गुरूंनाही हे दिसलं होतं, मिश्ना या त्यांच्या नियमांच्या जुन्या संग्रहात त्यांनी असा अर्थ लावला की बंदी मवाबी पुरुषांना आहे, बायकांना नाही.

यशया मात्र वेगळा मार्ग घेतो. तो नियम रद्द असं कुठेही म्हणत नाही, त्या नियमाचाच शब्द उचलतो. अनुवादात 'छेदलेला' यासाठी जे हिब्रू धातूरूप आहे, तोच धातू यशया ५६:५ च्या शेवटी येतो, मी त्यांना 'न छेदलं जाणारं' नाव देईन. शरीर छेदलं असेल, नाव छेदलं जाणार नाही. हे वाचून माझ्या अभ्यासातल्या एक आजी म्हणाल्या, "म्हणजे देवाला माहीत होतं त्याचं कुठे दुखतंय ते." मला यापेक्षा चांगलं सांगता येत नाही. खोडलं का, तर मी म्हणेन नियमाच्या पुढे नेलं, आणि हे देवाने स्वतःच्या तोंडाने केलंय म्हणून ते हलकं घेता येत नाही.

'नाव' देण्यात एवढं काय आहे? मुलाबाळांपेक्षा चांगलं कसं?

मराठी माणसाला हे खरं म्हणजे समजावून सांगायला नको. 'नाव चालवणारा', 'वंशाचा दिवा', 'पाणी पाजायला कोणी नाही' हे सगळं आपण ऐकत मोठे झालो. माझ्या एका मावशीला मूल नव्हतं. लग्नकार्यात ओटी भरायला तिला पुढे बोलवत नसत, कोणी मुद्दाम टाळतंय असं दाखवायचं नाही, नुसतं दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायची, आणि ती बाजूला उभी राहून पदर नीट करत बसायची. आम्ही ख्रिस्ती कुटुंब आणि तरी हे होतंच. तिच्या शेवटच्या आजारात मी तिला हा अध्याय वाचून दाखवला आणि पाचव्या ओवीवर तिने मला थांबवून परत वाच म्हणून सांगितलं, मग आणखी एकदा.

त्या ओवीत हिब्रू शब्द आहेत 'याद वाशेम'. 'याद' म्हणजे हात, आणि स्मारकाचा खांब पण. २ शमुवेल १८:१८ मध्ये अबशालोम जिवंतपणीच स्वतःसाठी एक खांब उभारतो, का तर नाव चालवायला मुलगा नाही, आणि त्या खांबालाही 'अबशालोमाचा हात' म्हणजे 'याद'च म्हणतात. त्याने स्वतःचं स्मारक स्वतः उभारलं, दरीत. इथे देव म्हणतो की मी उभारतो, आणि माझ्या घरात.

यरुशलेममध्ये होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या यहुदी लोकांचं जे राष्ट्रीय स्मारक आहे, १९५३ मध्ये कायद्याने स्थापन झालेलं, त्याचं नाव याच ओवीतून घेतलंय, याद वाशेम. ज्यांच्या मागे नाव घ्यायलाही कोणी उरलं नाही त्यांची एकेक नावं गोळा करायची हे तिथलं मुख्य काम. ओवी किती दूरवर पोचली बघा.

मग अटी काहीच नाहीत का? कोणीही यावं?

अटी आहेत. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळणं, देवाला जे आवडतं ते निवडणं, करार धरून राहणं. पण काय नाही तेही बघा, या आठ ओव्यांत सुंतेचा उल्लेख नाही. निर्गम १२:४८ मध्ये वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचं जेवण, खायचं तर परक्याला सुंता लागते असं आहे, इथे ते आलेलंच नाही. ज्या गोष्टी मागितल्यात त्या सगळ्या माणूस मनापासून करू शकतो अशा आहेत, जन्म किंवा शरीर बदलून आणा असं म्हटलेलं नाही.

आणखी एक, 'परमेश्वराला धरून राहिलेला' यातला हिब्रू धातू आणि लेवी हे नाव यांचा उत्पत्ती २९:३४ मध्ये संबंध जोडलाय, लेआ म्हणते आता नवरा मला जडून राहील म्हणून मुलाचं नाव लेवी, आणि मंदिराची सेवा करणारं कूळ याच लेवीचं. आणि विदेशी लोक 'सेवा' करतील यासाठी जो शब्द आहे तो याजकांच्या सेवेसाठी वापरतात. म्हणजे मागच्या बाकावर जागा नाही, थेट वेदीजवळ.

असं फक्त यशया ५६ मध्येच आहे का?

नाही नाही, भरपूर ठिकाणी आहे. अब्राहामाला पहिलंच वचन होतं की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील. १ राजे ८ मध्ये शलमोन मंदिराच्या समर्पणाच्या दिवशीच परक्याची प्रार्थना ऐक असं मागतो. जखऱ्या ८:२३ मध्ये दहा माणसं एका यहुद्याच्या वस्त्राचं टोक धरून म्हणतात आम्ही तुझ्याबरोबर येतो. यहेज्केल ४७ तर परक्यांना जमिनीत वाटा द्यायला सांगतो, आणि जमिनीतला वाटा म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला विचारा! स्तोत्र ८७ मध्ये बाबेल, पलेशेथ, सोर, कूश यांच्याबद्दल म्हटलंय की हा तिथे, म्हणजे सियोनेत, यरुशलेमात, जन्मला.

पण माझ्या मते सगळ्यात धक्कादायक यशया १९ चा शेवट. मिसर म्हणजे ज्यांनी गुलाम करून विटा थापायला लावल्या ते, अश्शूर म्हणजे ज्यांनी इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन ही राजधानी पाडून इस्राएलचं उत्तरेचं राज्य संपवलं ते. आणि यशया म्हणतो की मिसरातून अश्शुरात जायला हमरस्ता होईल, दोघं मिळून सेवा करतील, आणि सेनाधीश परमेश्वर म्हणेल, माझी प्रजा मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर, आणि माझं वतन इस्राएल. 'माझी प्रजा' हे शब्द इस्राएलासाठी राखीव होते हो. ते शत्रूला दिले आणि इस्राएलाकडचं काही काढूनही घेतलं नाही. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल याचा विचार मी नेहमी करते, ज्याच्या घरातलं माणूस अश्शूरच्या सैनिकाने मारलंय त्याला.

पण त्याच यशयात परके लोक नोकर होतील असंही आहे की!

आहे. अध्याय ६० मध्ये परके तुझे कोट बांधतील, ६१ मध्ये ते तुमची शेतं नांगरतील, १४ मध्ये तर दासदासीच. हे लपवून फक्त गोड ओव्या दाखवणं मला पटत नाही. दडपलेल्या लोकांचं स्वप्न असं असतं की आज आम्ही त्यांच्याकडे राबतो, उद्या ते आमच्याकडे राबतील, आणि ते स्वप्न पण या पुस्तकात नोंदलंय. पण पुस्तक सुरू कुठे होतं आणि थांबतं कुठे ते बघा. अध्याय २ मध्ये सगळी राष्ट्रं डोंगराकडे शिकायला येतात आणि तलवारींचे फाळ करतात. आणि ६६:२१ मध्ये देव म्हणतो की त्यांच्यातलेही काही मी याजक आणि लेवी म्हणून घेईन. हे 'त्यांच्यातले' म्हणजे कोण यावर वाद आहे, परत आलेले यहुदी की राष्ट्रांतले लोक, बऱ्याच अभ्यासकांना राष्ट्रांतले वाटतात आणि मलाही ५६ वाचून झाल्यावर तसंच वाटतं.

येशूने मंदिरात हेच वचन वापरलं का?

हो. मार्क ११:१७, मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकल्यावर. मत्तय आणि लूक पण तो प्रसंग सांगतात पण 'सर्व राष्ट्रांसाठी' हे शब्द फक्त मार्कात आहेत, तिन्ही उघडून स्वतः बघा.

त्या शब्दांचं वजन कळायला मंदिराची रचना माहीत हवी. येशूच्या काळच्या, हेरोद राजाने बांधलेल्या मंदिरात बाहेरच्या मोठ्या अंगणापर्यंत कोणीही येऊ शकत होतं, पण आतल्या भागाभोवती एक दगडी कठडा होता, योसेफस नावाच्या त्या काळच्या यहुदी इतिहासकाराने तो तीन हात उंच होता असं लिहिलंय. त्यावर पाट्या होत्या, की परक्याने याच्या आत येऊ नये, सापडला तर त्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार. ही नुसती गोष्ट नाही, तशी एक अख्खी ग्रीक पाटी १८७१ मध्ये फ्रेंच संशोधक क्लेरमाँ-गानो यांना यरुशलेमात सापडली, आता ती इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे, आणि दुसरीचा तुकडा १९३५ मध्ये सापडला. खरेदीविक्री बाहेरच्या अंगणात चालायची असं बहुतेकजण मानतात. म्हणजे परक्याला प्रार्थनेला जेवढी जागा होती तिथेच बाजार भरला होता.

प्रेषित पौलाला पुढे याच कठड्यापायी जवळजवळ जिवे मारलं, प्रेषितांची कृत्ये २१, त्रफिम इफिसकर याला आत आणलं असा संशय. आणि इफिसकरांस पत्र २:१४ मध्ये काय लिहिलंय? ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली. दगडी कठडा तेव्हा कदाचित अजून जागेवर असेल, पण वाचणाऱ्यांना कुठली भिंत ते लगेच कळलं असणार.

प्रेषितांची कृत्ये १५ मधलं आमोसाचं वचन आमोसात तसं नाहीच, चुकीचं छापलंय का?

छपाईची चूक नाही. यरुशलेमच्या सभेत, साधारण इ.स. ४९ किंवा ५० ला, परराष्ट्रीयांनी सुंता करायची का यावर जोरदार वाद झाला आणि येशूचा भाऊ याकोब याने आमोस संदेष्ट्याचा ९ वा अध्याय सांगितला. आमोसात दावीदाचा पडलेला मंडप परत उभारला की ते 'अदोमाच्या', म्हणजे शेजारच्या राष्ट्राच्या, 'उरलेल्यांचा ताबा घेतील' असं आहे, कृत्यांत मात्र 'उरलेली माणसं प्रभूचा शोध करतील'. झालंय असं की हिब्रूत अदोम आणि आदाम म्हणजे मानव हे जवळजवळ त्याच अक्षरांनी लिहितात, आणि 'ताबा घेतील' व 'शोधतील' यात एकाच अक्षराचा फरक पडतो. ख्रिस्ताच्या आधीच जे ग्रीक भाषांतर यहुदी लोकांनी केलं त्यात 'मानव' आणि 'शोधतील' असं वाचलंय, कृत्यांचा लेखक लूक याने तेच घेतलं.

पण हिब्रू जसं आहे तसं घेतलं तरी शेवटी 'ज्या राष्ट्रांना माझं नाव दिलंय ती सर्व' असे शब्द आहेतच. परत नाव बघा! आणि सभेने काय ठरवलं, तर सुंता नको, मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म एवढं टाळा.

होशेयाचं 'जे माझे लोक नव्हते ते माझे' हे तर इस्राएलाबद्दल होतं ना?

बरोबर. होशेयाने स्वतःच्या मुलाचं नाव लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हे, असं ठेवलं आणि ते इस्राएलाच्याच बेइमानीबद्दल होतं. पौलाने रोमकरांस ९ मध्ये ते परराष्ट्रीयांना लावलं. मी असं समजते की पौलाचा मुद्दा, ज्या देवाने नाकारलेल्या इस्राएलाला परत जवळ घेतलं तो मुळात लांब असलेल्यांनाही घेऊ शकतो. दोघंही दयेनेच आत आलेत.

म्हणजे यहुदी लोकांची जागा आता आपण घेतली का?

नाही. आणि हे मी ठासून सांगते, कारण 'जागा घेतली' या शिकवणीच्या आडून चर्चने शेकडो वर्षं यहुदी लोकांचा द्वेष केलाय. रोमकरांस ११ वाचा, जंगली जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर कलम केलीय.

कोकणातल्या लोकांना हे वाचून लगेच खटकतं. आपण रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधतो, जंगली मूळ आणि चांगली फांदी. पौलाचं उलटं आहे, मूळ चांगलं आणि काडी जंगली! असं कोणी शहाणा माळी करणार नाही, आणि पौल स्वतःच चोविसाव्या ओवीत म्हणतो की हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. आपण आत आलो ती आपली जात चांगली म्हणून नाही. आणि अठरावी ओवी पाठच करा, तू मुळाला धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय.

महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल लोकांचा याच्याशी काही संबंध?

भविष्यवाणीत त्यांचा उल्लेख आहे असं मी म्हणणार नाही, तसे दावे करणारे मेसेज फिरतात, पुढे पाठवू नका. पण मराठी बोलणारे यहुदी आपल्याच कोकणात शतकानुशतके राहिलेत हे खूप ख्रिस्ती लोकांना माहीतच नसतं. त्यांच्या परंपरेप्रमाणे नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. तेलाच्या घाण्यावर काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. बाकी बरंचसं विसरलं गेलं तरी शब्बाथ धरून ठेवला, यशया ५६ मधली पहिलीच अट.

आणि हेच लोक इस्राएलमध्ये गेल्यावर १९६० च्या सुरुवातीला त्यांना लग्नाच्या वेळी वंशावळ विचारली जाऊ लागली, तुम्ही नक्की यहुदीच ना? त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये त्यांना सर्व बाबतीत पूर्ण यहुदी असल्याची मान्यता मिळाली. 'परमेश्वर मला वेगळं काढणार' ही भीती आतल्या माणसालाही भोगावी लागते, हे मला यातून दिसतं.

आजच्या तृतीयपंथी व्यक्तींना हा अध्याय लागू होतो का?

बायबलमधला षंढ आणि आज आपण ज्यांना तृतीयपंथी म्हणतो ते एकच असं म्हणणं बरोबर नाही, काळ वेगळा, ओळख वेगळी. मंडळ्यांमध्येही यावर एकमत नाही. पण शरीरावरून मंडळीबाहेर ठेवलेल्या माणसाला देव काय म्हणाला हा प्रश्न असेल तर त्याचं उत्तर या अध्यायात आहे. एका मंडळीत मी पाहिलंय, एक जण तीन रविवार आली, शेवटच्या बाकावर बसली, तिच्या शेजारची जागा तिन्ही वेळा रिकामी राहिली, चौथ्या रविवारी ती आली नाही. मी पण उठून शेजारी जाऊन बसले नव्हते. हे लिहिताना अजून लाज वाटते.

कुठलं मराठी बायबल वाचू?

जे हाताशी आहे ते. बायबल सोसायटीचं प्रचलित भाषांतर बहुतेक घरांत असतं. जमलं तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर पण मिळवून बघा, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये टाकून दिलेल्या विधवा आणि मुलींबरोबर राहून, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते एकटीने केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये आलं. भाषा सोपी असावी, साध्या बाईला कळावी असा त्यांचा आग्रह होता.

हे वचन खरंच कोणाच्या बाबतीत पूर्ण झालेलं दिसतं का?

प्रेषितांची कृत्ये ८. कूशी माणूस, म्हणजे आजच्या सुदानात मेरोए नावाची राजधानी होती त्या राज्याचा, राणीच्या खजिन्यावरचा अधिकारी. कांदके हे राणीचं नाव नाही, पदवी आहे. तो परका आहे, षंढ आहे, आणि यरुशलेमला भजनाला जाऊन परत निघालाय, एवढा लांबचा प्रवास करून. मंदिरात त्याला कुठपर्यंत जाऊ दिलं ते लूक लिहीत नाही, पण त्या कठड्याबद्दल आपण वर बोललोच. रथात बसून वाचतोय यशया, ५३ वा अध्याय. गुंडाळी आणखी थोडी उलगडली की ५६ येणार.

फिलिप्प हा सुवार्तिक पळत येऊन रथात बसतो, येशूबद्दल सांगतो, वाटेत पाणी दिसतं आणि तो माणूस विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? ज्याला आयुष्यभर अडचणच सांगितली गेली त्याचा हा प्रश्न आहे. फिलिप्प यादी काढत नाही. दोघंही पाण्यात उतरतात. नंतर फिलिप्प दिसेनासा होतो आणि तो माणूस आनंद करत आपल्या वाटेने जातो. ५६:७ मध्ये शब्द आहे ना, मी त्यांना आनंदित करीन.

त्याचं नाव काय होतं असं दरवेळी कोणीतरी विचारतंच. लूकाने लिहिलेलं नाही. मला आधी याचं वाईट वाटायचं, की सगळा अध्याय नावाबद्दल आणि याचंच नाव नाही. मावशी म्हणाली होती, "अगं, ते नाव भिंतीच्या आत दिलंय ना, आपल्याला बाहेरून कसं दिसणार."